गाडीतला ओटा कोणाचा?

ताई,

मी ठाण्यात, कोलशेत रोडला राहते. वय ५९. यजमान मे महिन्यात निवृत्त झाले. ३५ वर्षं ठाण्याहून सीएसएमटीला लोकलने गेले, रजा साठवल्या, त्यातल्या कितीतरी तशाच बुडाल्या. आता त्यांनी एकच गोष्ट मनावर घेतली आहे. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची आणि आम्ही दोघांनीच कोकण किनाऱ्याने निवांत फिरायचं. नवी मुंबईतल्या एकाकडे गाडी ठरवून ठेवली आहे, येत्या रविवारी टोकन द्यायचं म्हणतात. २५ डिसेंबरला निघायचं, २ जानेवारीला परत. रेवसपासून थेट रेडीपर्यंत, चौदा ठिकाणं. तक्ता करून फ्रिजवर लावला आहे.

ते इतके खूश आहेत! म्हणतात, "हॉटेलचा खर्च नाही, बाहेरचं खाणं नाही, तुझ्या हातचं गरम जेवण आणि समोर समुद्र." मी ऐकते आणि माझ्या पोटात खड्डा पडतो. माझं माहेर साताऱ्याकडचं, समुद्र मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला आणि तेव्हापासून तो मला त्यांच्याहून जास्त आवडतो. पण ज्या गाडीत शेगडी आहे, ती गाडी मला सुट्टी वाटत नाही. शिवाय गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. खारघरची मुलगी म्हणते, "आई, या वयात हे कशाला? मी रिसॉर्ट बुक करते." यांचा उत्साह माझ्याने मोडवत नाही. नाही कसं म्हणू? की मुकाट्याने जाऊ?

कोलशेतची एक वाचक

ता. क. गाडीतला ओटा लहान आहे. पाच लिटरचा कुकर मावणार नाही, तीनचा न्यावा का?

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, त्यात यजमान काय म्हणतात ते आहे, मुलगी काय म्हणते तेही आहे. तुम्ही त्या दोघांना काय सांगितलंत, ते कुठेच नाही. शेगडीचं ते वाक्य तुम्ही मला लिहिलंत. ज्यांनी ते ऐकायला हवं, त्यांच्या कानावर ते अजून गेलेलंच नाही.

म्हणून आधी माझं मत सांगते. नाही म्हणू नका आणि मुकाट्यानेही जाऊ नका. जा, पण फ्रिजवरच्या तक्त्याने नको. ठिकाणं चौदाची तीन करा, तारीख बदला आणि गाडीतला ओटा चहापुरता ठेवा. रिसॉर्ट हा यावर उपाय नाही, कारण तुमच्या यजमानांना खोली नको आहे, त्यांना वाटेवर असणं हवं आहे. ३५ वर्षं त्यांनी ठरलेल्या गाडीने ठरलेल्या स्टेशनवर उतरून काढली. मनात येईल तिथे थांबायचं, हे त्यांचं स्वप्न साधं आहे आणि खरं आहे. ते मोडू नये असं मलाही मनापासून वाटतं.

हे मी लांबून सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं अशाच एका गाडीने गुहागरच्या बाजूला गेलो होतो. तिसऱ्या संध्याकाळी वेळणेश्वरला गाडी अशी लावली होती की मागचं दार उघडलं की समोर समुद्र. आमच्या यांनी बाहेर खुर्च्या मांडल्या आणि हाक मारली, "अगं ये, बघ काय रंग आलाय!" मी आत कुकर घासत होते. पाणी पुरवून वापरायचं म्हणून तांब्यातांब्याने. "आले" म्हटलं, हात पुसले, बाहेर आले, तेव्हा सूर्य गेला होता. त्यांनी बघितला तो सूर्यास्त मी अजून बघितलेला नाही. त्या रात्री मी रडले आणि त्यांना कारण कळेना. त्यांच्या डोळ्यांसमोर तर मी घरी करते तेच करत होते! त्यांचा दोष मी काढत नाही. मीही कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका घरगुती खानावळीत जेवायला गेलो आणि पुढचे चार दिवस संध्याकाळी गाडीतली शेगडी पेटली नाही. ते चार दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांतले आहेत.

तुमच्या पत्रातलं "तुझ्या हातचं गरम जेवण" हे त्यांनी प्रेमाने म्हटलंय, यात मला शंका नाही. पण त्या वाक्यात सुट्टीवर एकच माणूस आहे. घरातला ओटा निदान मोठा असतो, नळाला पाणी असतं, भांडीवाली येते. गाडीत यातलं काही नाही. पाण्याची टाकी दोघांच्या दोन आंघोळींत तळाला जाते, सांडपाण्याची टाकी भरते, कांदा परतला की वास रात्रभर उशीला राहतो, माशांचं तर नावच नको. दोन वेळचा स्वयंपाक त्या दीड हाताच्या ओट्यावर करायचा म्हणजे घरच्यापेक्षा दुप्पट काम.

मग जेवायचं काय? कोकणात याची चिंता करू नका. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत घरगुती जेवण मिळतं, फक्त सकाळी सांगून ठेवावं लागतं. मासे खात असाल तर त्या दिवशी बोटीला जे लागलं असेल ते ताटात येईल. नसाल तर वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, सोलकढी, सांगितलंत तर उकडीचे मोदक. सकाळी घावन किंवा आंबोळी. तिथेही बाईच रांधते हे मला माहीत आहे, पण तिला त्या कामाचे पैसे मिळतात, त्यावर तिचं घर चालतं. जेवण झाल्यावर आत जाऊन तिला जेवण आवडल्याचं सांगून या. घरातल्या पुरुषाकडे पैसे देऊन निघून जाऊ नका.

गाडीत फक्त चहा, आणि तो यजमानांनी करायचा. सकाळचा आणि दुपारचाही. साखर कुठे आहे हे सांगायला तुम्ही उठायचं नाही. नियम म्हणून एवढंच पाळा, सूर्यास्ताच्या आधी तासभर गाडीत कोणी काही धुणार नाही, निवडणार नाही, आवरणार नाही. दोघंही बाहेर.

आता त्या तक्त्याकडे येते. पाठ्यपुस्तकात आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा शिकलो. रेवसपासून रेडीपर्यंत म्हणजे ठाणे-पालघर आणि मुंबईचा भाग सोडून जवळजवळ सगळा आला. शिवाय किनाऱ्याचा रस्ता सरळ नाही. प्रत्येक खाडीला आत वळतो, पुन्हा बाहेर येतो, वर चढतो, खाली उतरतो. तसल्या उंच आणि लांब गाडीने ताशी तीस किलोमीटरचाच हिशोब धरावा. नऊ दिवसांत चौदा ठिकाणं करून परत यायचं म्हणजे रोज पाच-सहा तास ते स्टिअरिंगवर आणि तुम्ही शेजारी बसून "डावीकडे गडगा आहे, सांभाळा" म्हणत. दिवेआगर, केळशी, आंजर्ले इथल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, वर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा. गाडीची उंची टपावरच्या सामानासकट मोजून घ्या आणि तो आकडा मोठ्या अक्षरांत समोर चिकटवा. आमची टपावरची जाळी एका फांदीला अशी अडकली होती की मागे येता येईना, पुढे जाता येईना.

चौदाऐवजी तीन. माझी निवड सांगते, तुमची वेगळी असू शकते. पहिला मुक्काम दिवेआगर. ठाण्याहून ऐरोली, पनवेल, पळस्पे, वडखळ करत माणगावला जायचं आणि तिथून म्हसळ्याच्या रस्त्याला लागायचं. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास होतात, पहिल्या दिवसाला तेवढे पुष्कळ. तिथे दोन रात्री. पोफळीच्या वाड्यांमधून चालत समुद्रावर जायचं, यापलीकडे कार्यक्रम नको. मग दिवेआगरहून आरावी, कोंडविलवरून श्रीवर्धन. हा रस्ता समुद्राच्या इतक्या कडेने जातो की तेवढ्यासाठी एक अख्खी सकाळ ठेवावी. श्रीवर्धनला रोठा सुपारी बघा, घरी न्या. मुक्काम हरिहरेश्वरला, एक किंवा दोन रात्री. तिथून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि वेळास, केळशी करत आंजर्ले. तिथे तीन रात्री. एका संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव, एका सकाळी कड्यावरचा गणपती, उरलेला वेळ मोकळा. परत येताना दापोलीवरून खेडला उतरून महामार्गाने सरळ घरी.

रेडी, वेंगुर्ला, मालवण पुढच्या वर्षी. तो किनारा कुठे जात नाही.

फेरीबोटीबद्दल थोडं. तिला तिकडे जंगलजेट्टी म्हणतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्यांवर त्या चालतात आणि मोठ्या गाड्याही घेतात. ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोटीची फळी यांचा उतार वाढतो, लांब गाडीचा मागचा भाग घासण्याची भीती असते. आदल्या दिवशी जेट्टीवर फोन करून गाडीची लांबी सांगा आणि कोणत्या फेरीला यावं ते विचारा. त्या पंधरा-वीस मिनिटांत गाडीत बसून राहू नका. खाली उतरून कठड्याशी उभ्या राहा. खाडीचा वारा तिथेच मिळतो.

तारखेबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचंय. २५ डिसेंबर ते २ जानेवारी ही नोकरी करणाऱ्यांची सुट्टी आहे. त्या आठवड्यात पळस्प्यापासून पुढे गाड्यांची रांग लागते, समुद्रावर गाणी लावलेली असतात, खोल्या दुप्पट भावाने जातात. तुमच्या यजमानांना रजेचा अर्ज आता कोणाला द्यायचा आहे? पस्तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी सुट्ट्या बघूनच बेत आखला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी निघा. ऊन असतं, पण अजून मार्च-एप्रिलचा घाम नसतो, किनारे रिकामे असतात, आणि वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं निघायचे दिवस तेव्हाच येतात. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत अंडी घालतात आणि पन्नास-एक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन हे रक्षणाचं काम उभं केलं. तळहातावर मावेल एवढं पिल्लू पाण्याकडे जाताना तुम्ही दोघांनी शेजारी उभं राहून बघावं, अशी माझी फार इच्छा आहे. ते रोज दिसेलच असं नाही, आधी गावात विचारून जा.

त्यासाठीच एक विनंती. त्या किनाऱ्यांवर रात्री गाडीचे दिवे समुद्राच्या बाजूला लावू नका, आतलेही पडदा ओढून लावा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. मोकळ्या समुद्रावरचा प्रकाश त्यांना पाण्याकडे नेतो, आपला दिवा उलट दिशेला.

आणि गाडी वाळूत उतरवायची नाही. कितीही घट्ट दिसली तरी नाही, पुढे दहा गाड्या उभ्या असल्या तरी नाही. त्याच सहलीत आम्ही संध्याकाळी ओल्या कडक वाळूवर गाडी लावली होती. पहाटे चाकाखाली पाणी सळसळलं तेव्हा जाग आली. गावातला एक मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला म्हणून निभावलं. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "काकू, तिथ बघून गाडी लावायची असते." मला काही कळलं नाही. मग हर्णैला मासे विकणाऱ्या एका मावशींनी हिशोब शिकवला, तो तुम्हाला देते. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. यामागे चंद्राचा हिशोब आहे, तो रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरच्या दोन दिवसांत उधाण, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा खूप वर येतं. स्वयंपाकघरातली दिनदर्शिका सोबत घ्या आणि हे काम तुम्ही हातात घ्या. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट तर भरतीच्या वेळी चालूच नये, खडकांवर अचानक लाट येते. त्या दिवशी कधी निघायचं ते तुम्ही ठरवा आणि त्यांनी ऐकावं.

मग गाडी लावायची कुठे? तुमच्या गुडघ्यांचा आणि रात्रीच्या उठण्याचा प्रश्नही इथेच सुटतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण म्हणून गावोगाव अशा गाड्यांसाठी सोयीचे तळ झालेत असं समजून निघू नका. घरगुती निवासाच्या अंगणात गाडी लावा. आधी फोन करून सरळ विचारा, "आम्ही दोघं आहोत, झोपायला गाडीत, पण बाथरूम, पाणी आणि विजेचा एक प्लग हवा. किती द्यायचे?" लोक देतात. अडचण वाटली तर तिथली सर्वांत साधी खोली घेऊन टाका. आंघोळ, शौचालय, रात्रीचा दिवा, सगळं चार पावलांवर. पैसे थोडे जास्त जातील, पण या एका गोष्टीवर तुमचा सगळा प्रवास अवलंबून आहे. गाडीतलं शौचालय फक्त अडीअडचणीला, आणि त्याची टाकी रिकामी करण्याचं काम यजमानांचं. हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. ती रस्त्याकडेला, ओढ्यात, खाडीत कुठेही ओतायची नाही. मुक्कामाच्या घरी परवानगी घेऊन त्यांच्या शौचालयातच.

नारळाखाली गाडी लावू नका. सावली छान दिसते, पण नारळ आणि झावळ कधी पडेल ते सांगता येत नाही. आंब्याची सावली घ्या. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारी तीननंतर ऊन समुद्राकडूनच येतं. गाडीचं मोठं दार त्या बाजूला असेल तर आत भट्टी होते. दुपारी गाडी उलटी लावा, संध्याकाळी फिरवा.

एसीवर विसंबू नका. भाड्याने देणारे "एसी आहे" म्हणतात तेव्हा तो कशावर चालतो ते विचारा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज. एक टनाचा एसी तासाला जवळजवळ एक युनिट घेतो. हिशोब करा, रात्र कशी निघेल? तेवढ्याच बॅटरीवर एक छोटा डीसी पंखा आणि दिवा मात्र आरामात चालतात आणि फेब्रुवारीत समुद्राकाठी पंखा पुरतो. अंगणातल्या प्लगला गाडी जोडली तर एसीही चालेल. पण इंजिन चालू ठेवून, काचा लावून, एसीत झोपायचं मात्र कधीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, त्याने झोपेतच माणसं गेली आहेत. यजमानांना हे वाक्य वाचून दाखवा. चहा करतानाही एक खिडकी उघडी, आणि झोपताना सिलिंडरची कळ बंद.

रविवारी टोकन द्यायला दोघं मिळून जा. पैसे देण्याआधी तुम्ही स्वतः गाडीत चढून बघा. पायरी किती उंच आहे? गुडघ्याला झेपत नसेल तर खाली ठेवायला लाकडी पाट न्यावा लागेल. दोघंही पलंगावर आडवं-उभं झोपून बघा, एकाला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं का ते बघा. लाजू नका, आठवडाभर तिथे झोपायचं आहे. मग नंबरची पाटी बघा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर ते नियमाबाहेर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आतला पलंग, ओटा, गॅसची जोडणी असा गाडीत केलेला बदल नोंदणीच्या कागदावर लिहिलेला आहे का तेही विचारा. दिवसाला किती किलोमीटर धरलेत, वाटेत गाडी बंद पडली तर कोण येणार आणि खर्च कोणाचा, हे कागदावर घ्या.

परवान्याचं घाबरू नका. हलक्या वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला चालतो, व्यावसायिक नोंदणीची असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. मात्र यजमानांच्या परवान्याची मुदत तपासा. पंचावन्ननंतर तो पाच-पाच वर्षांसाठीच वाढवून मिळतो आणि ती तारीख पुष्कळ जण विसरतात. ते आजवर छोटी गाडीच चालवत आले असतील तर निघण्याआधी एकदा रिकाम्या रस्त्यावर ही गाडी मागे घेण्याचा सराव करू द्या.

चालकासह गाडी घ्यावी का, हाही विचार तुमच्या मनात येईल. घ्यायला हरकत नाही. पण मग त्याच्या झोपण्याची वेगळी खोली आणि जेवण तुम्ही आधी ठरवायचं. दिवसभर गाडी हाकून पुढच्या सीटवर पाय दुमडून कोणी झोपू नये. शिवाय पडद्यापलीकडे तिसरा माणूस असला की नवराबायकोचं बोलणं आपोआप घरच्या सामानावर आणि मुलांवर येतं. तुम्हा दोघांना बोलण्याची गरज आहे, म्हणून मी चालक नको म्हणेन. रोजचं अंतर कमी असलं की तो लागतही नाही.

त्या बोलण्याची सुरुवात मात्र रविवारच्या आधी व्हायला हवी. फ्रिजसमोर नको, जेवणाच्या टेबलावर नको, तिथे तुम्ही वाढत असाल. संध्याकाळी दोघं उपवन तलावावर चालायला जा. बाकावर बसा आणि सरळ सांगा, "मला यायचंय. तुम्ही हे ठरवलंत याचा मला आनंद आहे. पण मला तिथे ओट्यापाशी उभं राहायचं नाही, तुमच्या शेजारी बसायचंय." एवढंच. "तुम्हाला माझं काही पडलेलंच नाही" इथून सुरू करू नका, आणि "तुम्हाला आवडेल तसं" इथे संपवू नका. ते आधी गप्प होतील. कदाचित म्हणतील, "मग एवढी सोयीची गाडी घेऊन काय उपयोग?" तेव्हा सांगा, आपण गाडी समुद्रासाठी घेतोय. लगेच उत्तर नाही मिळालं तर रात्रभर जाऊ द्या. पस्तीस वर्षांनंतर माणसाच्या हातातलं काम गेलेलं असतं. तो तक्ता म्हणजे त्यांनी निवृत्तीनंतर केलेलं पहिलं मोठं काम आहे. तो फाडू नका. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोघं मिळून नवा लिहा, आणि त्यात पाणी भरणं, बॅटरी बघणं, टाकी, चहा ही कामं त्यांच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात येऊ द्या.

मनात धाकधूक राहिलीच तर मोठ्या प्रवासाआधी एक रात्र नागावला काढून या, अलिबागजवळ. कोणाच्या तरी वाडीत गाडी लावा, झोपून बघा. पाठ दुखली, दम कोंडला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी. गाडी आदल्या दिवशी आणणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधी बोला, कमानीची उंची आणि लावायची जागा दोन्ही लागतील.

मुलीला सांगा, रोज रात्री मुक्कामाचं गाव आणि घरमालकांचा नंबर कळवू, अंधार पडल्यावर गाडी चालवणार नाही. तिची काळजी बरोबर आहे, पण "या वयात" हे तिने ठरवायचं नाही. रिसॉर्टचे पैसे तिला द्यायचेच असतील तर त्या तीन घरांमधल्या खोल्यांचे देऊ द्या.

राहिला कुकर. पाचचाही नको, तीनचाही नको. एक चहाचं पातेलं, गाळणं, सांडशी, दोन कप, पाण्याचे दोन जार आणि घरून केलेला चिवडा. शेंगदाण्याचे लाडू वाशीच्या किंवा ठाण्याच्या दुकानातून विकत घ्या, निघायच्या आदल्या रात्री करत बसू नका.